तीन मंत्र्यांचा जामीन : क्वेबेकची १९३९ची निवडणूक

२५ ऑक्टोबर १९३९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या पुरुषांनी प्रांतिक विधानसभेसाठी मतदान केलं. मुद्दाम पुरुष म्हणतोय, कारण बायकांना तिथे प्रांतिक निवडणुकीत अजून मताचा हक्क नव्हता. महिनाभराच्या प्रचारात बाकीचे सगळे विषय मागे पडत गेले आणि शेवटी एकच प्रश्न उरला : आपल्या पोरांना जबरदस्तीने युरोपातल्या लढाईवर धाडणार की नाही? खरं तर हा प्रश्न प्रांताच्या अखत्यारीतलाच नव्हता. सैन्य आणि सैन्यभरती हे ओटावातल्या केंद्र सरकारचं काम. तरीही प्रांताची निवडणूक त्याच प्रश्नावर लढली गेली. असं का झालं, हे कळायला बावीस वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात कॅनडाने आधी स्वखुशीने येणाऱ्यांचीच भरती केली. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली, तेव्हा पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी सक्तीच्या भरतीचा कायदा आणला. फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकमधल्या बहुतेकांना हे युद्ध आपलं वाटतच नव्हतं. त्या डिसेंबरच्या केंद्रीय निवडणुकीत क्वेबेकने ६५ पैकी ६२ जागा बोर्डन यांच्या विरोधकांना दिल्या. पण उरलेल्या देशाने बोर्डन यांना निवडलं आणि सक्ती लागू झाली. १९१८च्या ईस्टरला क्वेबेक शहरात दंगल उसळली, बाहेरून सैन्य आणलं गेलं, १ एप्रिलला गोळीबार झाला आणि किमान चार नागरिक मेले. १९३९ मध्ये मत द्यायला गेलेला चाळिशीतला माणूस १९१७ मध्ये ऐन भरतीच्या वयात होता. त्याला हा इतिहास कुणी शिकवायची गरज नव्हती.

१९३९ची निवडणूक खरं म्हणजे एवढ्या लवकर व्हायचीच नव्हती. मॉरिस द्युप्लेसी यांच्या युनियन नॅशनल पक्षाने १९३६ मध्ये ९० पैकी ७६ जागा जिंकून लिबरल पक्षाची जवळपास चाळीस वर्षांची सत्ता उलथवली होती. मुदत अजून शिल्लक होती. पण १० सप्टेंबरला कॅनडा युद्धात उतरला आणि पंधरा दिवसांच्या आतच द्युप्लेसींनी विधानसभा बरखास्त केली. युद्धाच्या नावाखाली ओटावा प्रांतांचे अधिकार गिळतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. यात तथ्य नव्हतं असं नाही. युद्धकाळासाठीच्या १९१४च्या कायद्याने केंद्राच्या हाती प्रचंड अधिकार आले होते. पण दुसरंही एक कारण होतं. प्रांताच्या तिजोरीवर कर्जाचा बोजा वाढला होता, आणि नव्या नियमांमुळे बाहेरून पैसा उभा करायचा तर ओटावाची मर्जी सांभाळावी लागणार होती. लोक युद्धाच्या भीतीने एकवटले आहेत तोवर कौल घेऊन टाकावा, असा हिशेब त्यांनी केला असावा, असं मला वाटतं.

हा हिशेब उलटवला तो निवडणुकीत उमेदवार नसलेल्या माणसांनी. केंद्रीय मंत्रिमंडळात क्वेबेकचे तीन वजनदार मंत्री होते : न्यायमंत्री अर्नेस्ट लापॉईंट, पी. जे. ए. कार्दां आणि चार्ल्स पॉवर. समुद्रापार लढायला सक्तीने कुणालाही पाठवणार नाही, असं लिबरल पक्षाचेच असलेले केंद्रातले पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी आधीच सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये संसदेत लापॉईंट यांनी तेच ठासून सांगितलं. आता हे तिघे क्वेबेकच्या मतदारांसमोर आले आणि म्हणाले, या वचनाला आम्ही जामीन आहोत. द्युप्लेसी निवडून आले तर तो आमच्यावरचा अविश्वास समजून आम्ही राजीनामे देऊ, आणि मग ओटावात सक्तीला अडवायला तुमचं कुणी उरणार नाही. प्रांतातले लिबरल नेते अदेलार गोदबू यांनी त्यावर आपली प्रतिज्ञा जोडली : लिबरल सरकारने एकाही फ्रेंच कॅनेडियनला त्याच्या मनाविरुद्ध लढायला पाठवलं, तर मी पक्ष सोडून त्याच्याविरुद्ध उभा राहीन.

घरोघरी ऐकला जाणारा रेडिओ त्या वेळी प्रचाराचं सगळ्यात मोठं साधन होतं. युद्धकालीन सेन्सॉरच्या नियमानुसार रेडिओवरचं भाषण आधी लिहून तपासणीला द्यावं लागे. द्युप्लेसींनी त्याला साफ नकार दिला. तत्त्व म्हणून ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण लिबरल नेत्यांचे आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत राहिले आणि विद्यमान प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री द्युप्लेसी, सभेच्या मैदानापुरतेच उरले. सेन्सॉरखाली होणारी निवडणूक कितपत मोकळी म्हणायची, हा प्रश्न या एका नकारात सगळा सामावलेला आहे.

निकाल एकतर्फी लागला. विधानसभेच्या ८६ जागांपैकी ७० लिबरलांना मिळाल्या, युनियन नॅशनलला जेमतेम १५. गोदबू प्रीमियर झाले.

याच आठवड्यांत आपल्याकडे काय चाललं होतं, ते आठवून पाहावं. व्हाइसरॉयने हिंदुस्थानला कुणालाही न विचारता युद्धात ओढलं होतं. क्वेबेकच्या मतदानाच्या तीनच दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने प्रांतिक मंत्रिमंडळांना राजीनामे द्यायला सांगितलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि मुंबईच्या मतदाराला प्रांतिक निवडणुकीत पुढचं मत द्यायला १९४६ उजाडावं लागलं. साम्राज्य एकच होतं. कॅनडाच्या संसदेने निदान स्वतः ठराव करून युद्धात उडी घेतली आणि क्वेबेकच्या माणसाला निदान मतपेटी मिळाली. त्या मतपेटीने त्याला काय दिलं, हे पुढच्या पाच वर्षांत दिसलं.

एक गोष्ट तिने निर्विवाद दिली. तेरेझ कास्ग्रें आणि त्यांच्या सहकारी बायका वर्षानुवर्षं प्रांतिक मताधिकारासाठी क्वेबेक शहराच्या वाऱ्या करत होत्या. केंद्रीय निवडणुकीत त्यांना १९१८ पासून मत होतं, प्रांतात मात्र दर वेळी विधेयक पाडलं जाई. १९३८च्या लिबरल अधिवेशनात त्यांनी हा मुद्दा पक्षाच्या कार्यक्रमात घालून घेतला होता. क्वेबेकचे कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल व्हिलनव यांचा उघड विरोध असूनही गोदबूंनी शब्द पाळला आणि २५ एप्रिल १९४० रोजी कायदा झाला. युद्धाच्या प्रश्नावर लढलेल्या निवडणुकीतून बायकांना मत मिळालं. क्वेबेकच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आनंद देणारी ही घटना आहे.

जामिनाचं मात्र वेगळंच झालं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं आणि ओटावाने देशाच्या भूमीवरच्या संरक्षणापुरती सक्ती आणली. त्यासाठीच्या नावनोंदणीला विरोध करा, असं माँट्रियलचे महापौर कामिलियाँ हूद यांनी जाहीरपणे सांगितलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. ते चार वर्षं आत होते. २७ एप्रिल १९४२ रोजी किंग यांनी आपल्या वचनातून मोकळीक मागण्यासाठी सार्वमत घेतलं. वचन दिलं होतं प्रामुख्याने क्वेबेकला, आणि सोडवून मागितलं सगळ्या देशाकडे. क्वेबेकमध्ये सुमारे ७२ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, पण देशाचा कौल ‘होय’ आला. या रागातूनच ब्लॉक पॉप्युलेअर हा नवा पक्ष उभा राहिला.

गोदबूंच्या सरकारने सक्तीचं शिक्षण आणलं, माँट्रियलची वीज कंपनी ताब्यात घेऊन हायड्रो-क्वेबेक ही सरकारी वीज कंपनी उभी केली. तरी ८ ऑगस्ट १९४४च्या निवडणुकीत त्यांना लोकांना तोंड द्यायचं होतं ते १९३९च्या प्रतिज्ञेसकट. बायकांनी प्रथमच प्रांतिक मतदान केलं. लिबरलांना मतं थोडी जास्त पडली, पण ९१ पैकी ४८ जागा द्युप्लेसींनी नेल्या आणि पुढे १९५९ मध्ये मरेपर्यंत ते प्रीमियर राहिले.

जामीन राहिलेल्या तिघांपैकी लापॉईंट नोव्हेंबर १९४१ मध्येच वारले होते. त्यांच्या जागी आलेल्या लुई सँ लोराँ यांनी ते वचन दिलेलं नव्हतं आणि पुढे ते किंग यांच्या बाजूने उभे राहिले. कार्दांनी सार्वमतानंतर मे १९४२ मध्ये मंत्रिपद सोडलं. पॉवर तेवढे उरले होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये सक्तीने भरती झालेल्या सैनिकांना समुद्रापार पाठवायचा निर्णय झाला, आणि पॉवर यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.