‘थ्रो टू’ की ‘थ्रो ॲट’?

‘लिसन’ला ‘टू’, ‘लुक’ला ‘ॲट’, ‘डिपेंड’ला ‘ऑन’ अशी यादी शाळेत पाठ करून घेतात. ती उपयोगी आहेच. पण एकाच क्रियापदापुढे दोन वेगळी अव्ययं चालतात, दोन्ही बरोबर असतात आणि अर्थ मात्र बदलतो, तिथे पाठांतर कामाला येत नाही. ‘टू’ आणि ‘ॲट’ ही अशीच जोडी.

क्रिकेटच्या मैदानावर फरक चटकन कळतो. फील्डर चेंडू ‘टू द कीपर’ फेकतो तेव्हा कीपरने तो झेलावा अशी अपेक्षा असते. ‘ॲट द स्टम्प्स’ फेकतो तेव्हा त्याला स्टम्प उडवायचे असतात. म्हणजे ‘टू’पुढे घेणारा येतो आणि ‘ॲट’पुढे ज्यावर नेम धरला तो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या १९३२-३३च्या बॉडीलाइन मालिकेत हेच झालं. इंग्लंडचा लारवुड गोलंदाजी ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनला करत होता, तिथे ‘टू’ योग्यच. ऑस्ट्रेलियाची तक्रार होती ती चेंडू फलंदाजाच्या अंगावर येतात, ‘ॲट द बॉडी’, याबद्दल.

खरं तर हा भेद मराठीला परका नाही. कुत्र्याला बिस्किट टाकतो आणि कुत्र्यावर दगड भिरकावतो. पहिल्या वाक्यात ‘टू’, दुसऱ्यात ‘ॲट’. गोंधळ होतो तो ‘वर’मुळे. ‘वर’ दिसला की हात आपोआप ‘ऑन’कडे जातो आणि ‘सर माझ्यावर ओरडले’चं ‘सर शाउटेड ऑन मी’ होतं. तिथे ‘ॲट’च हवं. टेबलावरचं ‘वर’ आणि रागावण्यातलं ‘वर’ मराठीत एकच असलं तरी इंग्रजीत ती दोन वेगळी अव्ययं आहेत.

‘शाउट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलणं. ‘शाउट ॲट’ म्हणजे खेकसणं. ‘प्लॅटफॉर्मवरून तुला हाक मारली, तुला ऐकू आली नाही’ हे सांगताना ‘ॲट’ वापरलं, तर तुमच्या प्रेमळ हाकेचा रागच होतो. ‘टॉक’चंही असंच. ‘टॉक टू’मध्ये समोरच्याला बोलायला जागा असते, ‘टॉक ॲट’मध्ये एकजण बोलत सुटतो आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं.

यावरून काही शिक्षक ‘ॲट म्हणजे राग’ असं सूत्र देतात. मला ते पटत नाही. ‘लाफ ॲट’मध्ये टिंगल आहे, पण ‘स्माइल ॲट’ तर गोड आहे, आणि ‘लुक ॲट’मध्ये राग ना लोभ. समान धागा नेमाचा आहे: नजर, हसू, दगड, शब्द कुणाच्या तरी रोखाने जातात. ‘वेव्ह’ला मात्र दोन्ही चालतात, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही.

‘ॲट’ची आणखी एक खुबी आहे आणि बातम्यांचं भाषांतर करणाऱ्यांनी ती जपायलाच हवी. ‘ॲट’ नेम सांगतं, निकाल सांगत नाही. ‘ग्रॅब द रोप’ म्हणजे दोरी पकडणं. ‘ग्रॅब ॲट द रोप’ म्हणजे दोरी धरायला झडप घालणं, मग ती हाती लागो वा न लागो. त्याच न्यायाने ‘शॉट हिम’ म्हणजे त्याला गोळी घातली, ती लागली. ‘शॉट ॲट हिम’ म्हणजे त्याच्यावर गोळी झाडली. तो सुखरूपही असू शकतो. मराठीत ‘घातली’ आणि ‘झाडली’ हा फरक आयता हाताशी आहे. तरीही ‘शॉट ॲट’चं भाषांतर ‘गोळी घातली’ असं केलं, तर मूळ बातमीत नसलेली जखम आपण पदरची घालतो.