नाशिकचा हिरा

नाशिकचा हिरा : दक्षिण भारतात सापडलेला, पेशवाईच्या अस्ताबरोबर १८१८ च्या सुमारास इंग्रजांच्या हाती पडून लंडनला गेलेला इतिहासप्रसिद्ध हिरा. पाश्चात्त्य ग्रंथांत तो ‘नॅसक’ या नावाने येतो. ‘शिवाचा डोळा’ असेही त्याला म्हटले जाते. त्याचे आजचे वजन ४३.३८ कॅरट, म्हणजे ८.६७६ ग्रॅम आहे. तोळ्याच्या हिशेबात ते पाऊण तोळ्याला किंचित कमी भरते. हिंदुस्थानातून बाहेर पडताना तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडन आणि न्यूयॉर्क येथे त्याला दोनदा नव्याने पैलू पाडण्यात आले, त्यात त्याचे निम्म्याहून अधिक द्रव्य गेले. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी त्याचा संबंध सर्वत्र सांगितला जातो. तो कितपत ग्राह्य धरावा याचा विचार पुढे केला आहे.

उगम : नाव नाशिकचे असले तरी नाशिकच्या भूमीत हिरा सापडत नाही. हा सारा प्रदेश दक्षिणी कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा आहे. हिरा भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर तयार होतो आणि किंबर्लाइटसारख्या खडकांच्या नळ्यांतून वर येतो. भारतात अशा नळ्या आंध्रातील वज्रकरूर भागात आहेत. पन्न्याजवळच्या मझगवाँची नळी त्याच प्रकारात मोडते. नाशिकच्या खाणींतून निघतात ती झिओलाइट व अपोफिलाइटसारखी बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेली स्फटिके. पांडवलेण्याच्या परिसरातील दगडखाणींचे असे नमुने जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, पण त्यांचा रत्नबाजाराशी संबंध नाही. आजच्या महाराष्ट्रात हिऱ्याच्या खाणीचा जुना निर्देश मिळतो तो वैरागडचा (गडचिरोली जिल्हा), आईन-इ-अकबरीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्राच्या, म्हणजे हिऱ्याच्या, उत्पत्तिस्थानांमध्ये शूर्पारक, म्हणजे सोपारा, येते आणि तिथला हिरा काळा असल्याचे म्हटले आहे. मात्र सोपारा हे बंदर होते, त्यामुळे हा उल्लेख खाणीपेक्षा व्यापारपेठेचा असावा.

नाशिकचा हिरा कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. त्याच ग्रंथांत तो १५०० सालापासून त्र्यंबकेश्वरी होता असेही लिहिलेले असते. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकाच्या मध्यास कोल्लूर पाहिले. पेरणीसाठी जमीन खणताना एका गरीब माणसाला टोकदार खडा मिळाला आणि त्यावरून खाणीचा शोध लागला, ही घटना आपल्या भेटीच्या सुमारे शंभर वर्षे आधीची, असे तो लिहितो. म्हणजे खाण फार मागे नेली तरी १५४० च्या अलीकडे-पलीकडेच सुरू झाली. १५०० हे साल धरायचे तर हिरा ताव्हेर्नियेने अधिक जुनी म्हणून सांगितलेल्या रावळकोंड्याच्या खाणीतला मानावा लागेल. कोल्लूर धरायचे तर साल सोडावे लागेल. दोन्हींपैकी एकालाही समकालीन लेखी आधार नाही. व्यापारात ‘गोवळकोंड्याचा हिरा’ हे बिरुद कोणत्याही जुन्या, निर्मळ दख्खनी हिऱ्याला लावले जाते, त्यावरून विशिष्ट खाण ठरत नाही. हिरा दख्खनचा, एवढेच निश्चयाने म्हणता येते. ब्राझीलच्या खाणी १७२० च्या दशकात सुरू होईपर्यंत जगाच्या बाजारात येणारे जवळजवळ सगळे हिरे हिंदुस्थानचेच असत. कोल्लूरची जागा आता पुलिचिंतल धरणाच्या जलाशयात गेली आहे.

त्र्यंबकेश्वराशी संबंध : लोकप्रिय कथेप्रमाणे हा हिरा शिवमूर्तीच्या डोळ्यात बसवलेला होता. ज्याने त्र्यंबकेश्वराचा गाभारा पाहिला आहे त्याला ही कथा खटकल्याशिवाय राहत नाही. तेथे मूर्ती नाही. शाळुंकेच्या मध्यभागी खळगा आहे आणि त्यात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची म्हणून मानलेली अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. डोळा बसवायला चेहराच नाही. देवाच्या मूर्तीचा डोळा काढून नेलेला हिरा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाचकांना फार प्रिय होती. इतरही अनेक हिऱ्यांना ती चिकटवली गेली आहे. नाशिकच्या हिऱ्याचे ‘शिवाचा डोळा’ हे नाव त्याच परंपरेत बसते.

तरीही देवस्थानाशी संबंध अजिबात नाकारावा असे नाही. त्र्यंबकेश्वराचा रत्नजडित मुकुट आहे आणि त्याचे सोमवारी दर्शन घडवतात. सोमवारीच देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्त तीर्थावर नेला जातो. परंपरा मुकुट पांडवांच्या काळचा सांगते. एखादा मोठा हिरा देवाला वाहिला गेला असेल तर तो अशा मुकुटावर किंवा मुखवट्यावर असणे संभवनीय आहे. पण काळाची अडचण येथेही आहे. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. काम १७५५ ते १७८६ या काळात झाले व त्यास सुमारे सोळा लाख रुपये लागले असे सांगतात. त्यापूर्वीचे देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेल्याची परंपरा आहे. तीन शतके अखंड देवापाशी असलेला हिरा या उलथापालथीतून कसा वाचला, याचा खुलासा कोणताही ग्रंथ करत नाही. तो पेशव्यांच्या जवाहिरखान्यातून, मंदिराच्या उभारणीनंतर केव्हातरी देवाला अर्पण झाला आणि संकटकाळी पुन्हा पेशव्याकडे आला, असे मानल्यास उपलब्ध माहिती अधिक चांगली जुळते. प्रस्तुत नोंदीत याच मताकडे कल आहे. हिऱ्याचा मंदिराशी संबंध कधीच नव्हता, लूट नाशिक परिसरात हाती आली म्हणून नाव नाशिकचे पडले, हा पर्यायही खुला ठेवला पाहिजे.

इंग्रजांच्या हाती : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईने तिसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडला आणि ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव जॉन माल्कमला शरण गेला. बाजीरावाने हा हिरा जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केला व त्याच्याकडून तो गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज याच्याकडे गेला, असा वृत्तांत रूढ आहे. ब्रिग्ज हा त्या वेळी खानदेशचा कारभार पाहणारा अधिकारी होता, त्यामुळे नाशिक-खानदेश भागातील मालमत्ता त्याच्या हातून जाणे सयुक्तिक वाटते. हिरा ‘दख्खनच्या लुटी’त जमा झाला. या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनाधिकाऱ्यांत पुढे कित्येक वर्षे भांडण चालले. लुटीच्या विश्वस्तांमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनही होता. लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी हिरा सुमारे ३,००० पौंडांना घेतला.

वजन व पैलू : या हिऱ्याच्या वजनाचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत वेगवेगळे दिसतात, ते मुख्यतः कॅरटच्या मापामुळे. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट १९०७ पासून रूढ झाला. जुना इंग्रजी कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. लंडनमधील कामानंतर ७८.६२५ कॅरट हा आकडा जुन्या मापातला आणि ८०.५९ हा मेट्रिक. दोन्ही एकच वजन सांगतात. हिंदुस्थानातून आला तेव्हाचे ८९.७५ कॅरट हेही जुन्या मापाचे असल्याने मेट्रिक हिशेबात ते सुमारे ९२ होईल.

हिंदुस्थानी कारागिराने हिऱ्याला जवळजवळ त्रिकोणी आकार ठेवला होता. युरोपीय लेखकांनी याला कसबाची उणीव ठरवले, ते न्याय्य नाही. हिंदुस्थानी पद्धतीत वजन राखणे हे पहिले कर्तव्य होते. ताव्हेर्निये सांगतो की खडा निर्मळ असेल तर इथले कारागीर त्याला चाकावर वरवर लावत आणि वजन घटेल म्हणून आकार देण्याच्या फंदात पडत नसत. डाग असेल तर तो झाकण्यापुरते बारीक पैलू भरपूर पाडत. युरोपीय पद्धतीचे गणित वेगळे आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) २.४२ असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर लंबाशी सुमारे साडेचोवीस अंशांहून अधिक तिरपा पडला की बाहेर न जाता परत फिरतो. खालचा भाग योग्य कोनात उतरता घासला तर जवळजवळ सगळा प्रकाश माथ्यातून डोळ्याकडे येतो आणि त्याचे रंग फाकतात. हा कोन साधण्यासाठी द्रव्याचा बळी द्यावा लागतो. रंडेल अँड ब्रिजने मूळ कारागिराच्या खुणांना शक्य तेवढे धरून काम करून घेतले, त्यामुळे घट आठव्या हिश्श्याच्या आसपास राहिली आणि त्रिकोणी रूपही टिकले. १९४० मध्ये पॅरिसमध्ये हा हिरा घेतलेल्या हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने मात्र त्याला लांबट चौकोनी ‘एमराल्ड कट’ दिला आणि ८०.५९ चे ४३.३८ झाले. हिरा निर्दोष ठरला हे खरे. पण दख्खनी हाताची एकही खूण त्यावर उरली नाही, आणि त्याच्या पूर्वेतिहासाबद्दल दगडच जी साक्ष देऊ शकला असता ती कायमची गेली. संग्राहकाच्या दृष्टीने हा लाभ असेल, इतिहासाच्या दृष्टीने मोठी हानी आहे.

पुढील मालकी : रंडेल अँड ब्रिजकडून हिरा इमॅन्युएल बंधूंमार्फत सुमारे ७,२०० पौंडांना विकला जाऊन पहिला मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर याच्याकडे आला, व्यवहाराचे साल काही ठिकाणी १८३१, काही ठिकाणी १८३७ दिलेले आहे. मार्क्विसने तो आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. ‘अर्काटचे हिरे’ म्हणून प्रसिद्ध असलेले दुसरे हिंदुस्थानी हिरेही याच घराण्यात होते. १९२७ मध्ये नाशिकचा हिरा अमेरिकेत नेण्यात आला, तेव्हा शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून त्याला आयातकर माफ करावा की नाही हा वाद न्यायालयात गेला. १६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. त्यानंतर तो लेबनॉनच्या रॉबर्ट मुवाद यांच्या संग्रहात गेला.

हिरा परत आणावा अशी मागणी नाशिक-त्र्यंबक भागातून अधूनमधून होते. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापाराविषयीचा युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही, त्यामुळे १८१८ च्या लुटीला तो लागू पडत नाही. मागणीला भावनेचा आधार मोठा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण ‘मूर्तीचा डोळा’ या कथेवर ती उभी केल्याने तिचे बळ वाढत नाही. पेशव्याकडून युद्धात घेतलेला हिरा ही बाजू कागदोपत्री अधिक भक्कम आहे.

नाशिकमधील हिऱ्याचे दागिने व खरेदी : नाशिकचा सराफ बाजार गोदाकाठच्या जुन्या वस्तीत आहे, नदीला मोठा पूर आला की पाणी त्यात शिरते. येथील जुन्या घराण्यांत हिरा प्रामुख्याने कुड्या, नथ आणि अंगठी यांत आढळतो. हिऱ्याच्या कुडीत मधल्या खड्याभोवती सहा खडे बसवून फूल करतात. जुन्या कुड्या बंद कोंदणाच्या असतात. खड्यामागे चमकदार पातळ वर्ख घालून चकाकी वाढवलेली असते, त्यामुळे कोंदण उघडल्याशिवाय खड्याचा खरा रंग, जाडी व वजन कळत नाही. कुडी पाण्यात बुडवून धुतल्यास आत ओल शिरते, वर्ख काळवंडतो आणि चांगला हिराही मेलेला दिसू लागतो. असे दागिने मोडीत देण्यापूर्वी जाणकाराकडून कोंदण उघडून घेणे इष्ट.

नव्या दागिन्यात सोने व हिरा यांची शहानिशा वेगवेगळी होते. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक (दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) फक्त सोन्याची शुद्धता सांगतो; हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागते. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्यांचे कॅरट आणि घडणावळ स्वतंत्र लिहिलेली असावी. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम, हे लक्षात ठेवल्यास खड्याचे वजन सोन्याच्या भावात लागले आहे का हे तेथेच ताडून पाहता येते.

प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे (उच्च दाब-तापमान पद्धतीचे व सीव्हीडी, म्हणजे वायूतून थरावर थर चढवून वाढवलेले) रासायनिक दृष्ट्या हिरेच असतात. दुकानातील उष्णतावाहकतेचे साधे यंत्र त्यांना खाणीच्या हिऱ्यापासून वेगळे काढू शकत नाही. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोयसनाइट या कृत्रिम खड्यालाही ते अनेकदा हिरा ठरवते. सीव्हीडी हिऱ्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतो, आणि जुन्या गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांचेही तेच वैशिष्ट्य आहे, म्हणून निर्णय प्रयोगशाळेतील वर्णपटमापनावर (खड्यातील प्रकाशाच्या रंगपट्ट्याच्या तपासणीवर) सोपवावा लागतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांची किंमत खाणीच्या हिऱ्यापेक्षा बरीच कमी असते व परत विकताना फारच थोडे हाती येते. परत घेण्याची टक्केवारी पेढीनुसार बदलते, ती खरेदीच्या दिवशीच लेखी घ्यावी.