‘इन्डिटरमिनेट’ शब्दाचा घोळ

१९३२ साली न्यूयॉर्कच्या तिघा डॉक्टरांनी क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचाच आजार मानला गेला. (ग्लासगोच्या एका सर्जनने १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, पण नाव लागलं ते त्या तिघांपैकी क्रोन यांचं.) मोठं आतडं सुजलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण आणणारा आजार), हा हिशेब पुढेही बराच काळ चालला. १९६० मध्ये लंडनमधून क्रोन्स मोठ्या आतड्यातही होतो असं ठामपणे मांडलं गेलं, आणि दोन्ही आजार वेगळे करण्याचं काम पॅथॉलॉजिस्टच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासणाऱ्या डॉक्टरच्या) टेबलावर आलं.

खरा गुंता १९७८ चा. तीव्र आजारात काढाव्या लागलेल्या काही आतड्यांत दोन्ही आजारांच्या खुणा सापडत होत्या. व्रण खोल चिरांसारखे, पण क्रोन्समध्ये दिसणारे ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे सूक्ष्म गोळे) नाहीत. अशांसाठी ‘इन्डिटरमिनेट कोलायटिस’ हा शब्द आला. तो तिसरा आजार नव्हता. निर्णय होत नाही एवढंच त्यात म्हटलं होतं. योगायोग असा की त्याच वर्षी मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी शिवून गुदद्वाराला जोडण्याची शस्त्रक्रियाही प्रसिद्ध झाली. क्रोन्समध्ये ही पिशवी टिकण्याची खात्री कमी, त्यामुळे सर्जनला आता नक्की उत्तर हवं होतं.

दरम्यान कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं) रुळली आणि त्यातून तपासणीसाठी घेतलेल्या, म्हणजे बायॉप्सीच्या, चिमूटभर तुकड्यांवरही हाच शब्द लिहिला जाऊ लागला. माझ्या मते चूक इथे झाली. क्रोन्सची सूज आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी व्यापते, तर बायॉप्सीत येतं ते मुख्यतः आतलं अस्तर. त्यातून, एरवी गुदाशयापासून सलग पसरणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही औषधं सुरू असताना गुदाशय बरा दिसू शकतो, सूजही तुटक दिसते, म्हणजे थेट क्रोन्सचा भास. २००५ च्या माँट्रियल वर्गीकरणात ‘इन्डिटरमिनेट’ हा शब्द काढलेल्या आतड्यापुरता ठेवण्याची शिफारस झाली. बाकीच्यांसाठी ‘अवर्गीकृत’ आयबीडी (आतड्याच्या दीर्घकालीन सुजेचा गट, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस त्यातलेच). तरी रिपोर्टांवर जुना शब्द अजून भेटतो.

आपल्याकडे त्याआधीच एक प्रश्न उभा असतो: आतड्याचा टीबी की क्रोन्स? ग्रॅन्युलोमा दोन्हींत असतात. टीबीत ते मोठे, एकमेकांत मिसळलेले, मधोमध चक्क्यासारखा मृत भाग. क्रोन्समध्ये सहसा लहान आणि सुटे. पण तो मृत भाग आणि जंतू प्रत्येक तुकड्यात सापडतातच असं नाही. मग काही वेळा आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात, आणि व्रण भरले का ते पाहतात.