फोटोंवरून सौंदर्याचा नकाशा: सुरुवात कुठे झाली आणि आपली गावं त्यात कुठे आहेत

शहर किती देखणं आहे हे लोकांनी काढलेल्या फोटोंवरून ठरवायचं, ही कल्पना जेमतेम वीस वर्षांची. २००६ मध्ये फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळाने फोटो नकाशावर लावायची सोय दिली आणि कोणता फोटो कुठे काढला हे कळू लागलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे सुमारे साडेतीन कोटी फोटो चाळून जगात सगळ्यात जास्त टिपली जाणारी ठिकाणं शोधली. पुढच्याच वर्षी एरिक फिशर यांनी शहरांचे नकाशे केले: पर्यटकांच्या फोटोंचे ठिपके लाल, स्थानिकांचे निळे.

या मोजणीतली खोट विदर्भातल्या माणसाला लगेच कळते. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो जगभर फिरले. तिथे ठिपक्यांची गर्दी होणारच. पण भंडारा-गोंदियातले मामा तलाव? म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारी काळातले) तलाव, धानाला पाणी मिळावं म्हणून कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. धान कापणीला आलं की पाळीवर उभं राहून बघावं: एकीकडे पिवळ्या बांध्या, दुसरीकडे शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेलं पाणी. रोज तिथे गुरं नेणारा माणूस फोटो टाकत नाही, म्हणून नकाशावर ती जागा कोरी राहते. फोटो मोजले तर कॅमेरे कुठे गेले एवढंच कळतं.

माझ्या मते खरी वाट ब्रिटनमध्ये निघाली. २००५ पासून जिओग्राफ या उपक्रमात हौशी लोक देशाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरचा फोटो गोळा करू लागले. किल्ला असो की चिखलाचं रान, चौकट सुटायची नाही. २००९ मध्ये मायसोसायटी या संस्थेने ते फोटो लोकांपुढे ठेवून १ ते १० गुण मागितले. वॉरिक विद्यापीठातल्या चानुकी सेरेसिन्हे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या गुणांची लोकांनी स्वतः सांगितलेल्या तब्येतीशी सांगड घातली. जास्त गुणांच्या भागातले लोक आपली तब्येत अधिक चांगली सांगत होते, आणि हा फरक नुसत्या हिरवळीने पडत नव्हता. २०१७ मध्ये त्यांनी दोन लाखांहून जास्त फोटोंवर संगणकाला देखणं काय ते ओळखायला शिकवलं. दऱ्या, किनारे, जुने पूल, किल्ले यांना गुण जास्त मिळाले, सपाट गवताळ मैदानांना कमी.

आपल्यासाठी कळीचा मुद्दा इथेच आहे. ती नजर ब्रिटिश लोकांची. पऱ्हाटी-तुरीच्या सपाट वावराला ती किती गुण देईल? ते गुण इथल्याच माणसांकडून घ्यायला हवेत. रस्त्यारस्त्याचे फोटो नकाशावर दाखवणारं गुगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये भारतात परत आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती, विदर्भातलं एकही नव्हतं. त्याची वाट कशाला बघायची? मोबाइल तर गावोगावी आहेत. एक तालुका घ्यावा, चौकटी आखाव्यात, शाळेच्या पोरांना पांदणीपांदणीने पाठवावं. एकदा धान उभं असताना आणि एकदा फाल्गुनात, पळस फुलल्यावर.