फुकट इंग्लिश स्पीकिंग आणि जॉब ट्रेनिंग हवंय? पुण्यात अर्ज करण्याआधी हे वाचा

मे-जून आला की रविवारी सकाळी मी वस्तीतल्या समाज मंदिरात एक टेबल टाकून बसते. दहावी-बारावी झालेली, मधेच शाळा सुटलेली, कुठेतरी पार्ट टाइम लागलेली पोरं-पोरी येतात आणि प्रश्न ठरलेला, ताई फॉर्म कधी सुटणार? अरे बाबांनो, फॉर्म कधीही सुटू दे, तो भरायला वीस मिनिटं लागतात, त्याच्यामागचे कागद जमवायला दीड महिना जातो आणि तेवढ्यात बॅच भरून जाते. म्हणून मी इथे उलट्या क्रमाने सांगणारे, आधी कागद, मग कुठे अर्ज करायचा ते.

सगळ्यात पहिलं नाव. आधार, शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे आपली एलसी, मार्कशीट आणि बँकेचं पासबुक, चारही समोर ठेवा आणि एकेक अक्षर लावून बघा. मागच्या वर्षी पर्वती पायथ्याची एक मुलगी आली होती, नाव पूजा, मार्कशीटवर इंग्रजीत पी नंतर यू, आधारवर पी नंतर डबल ओ, आणि पासबुकात वडिलांचं नावच नाही, डायरेक्ट आडनाव. तिला वाटलं एवढ्याने काय होतंय, पोर्टलने तीनदा परत पाठवलं. आता सुधारायचं कुठे, तर आधार एलसीप्रमाणे करून घ्या, एलसी आधारप्रमाणे करायला जाऊ नका, शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती ही वेगळीच लढाई आहे. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख तर एकदाच, त्यामुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला "दादा करून टाका काहीतरी" म्हणू नका, पावतीवरचं स्पेलिंग स्वतः वाचूनच सही करा. लग्न झालेल्या मुलींचं एलसीवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असतं, त्यांनी लग्नाचं सर्टिफिकेट किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात सोबत ठेवायची.

दुसरं म्हणजे आधारला कुठला मोबाईल नंबर लिंक आहे. हसू नका, निम्मी पोरं इथेच अडकतात. ओटीपी भावाच्या फोनवर जातो, भाऊ चाकणला कंपनीत, आत फोन अलाउड नाही, तो जेवणाच्या सुट्टीत फोन बघेपर्यंत ओटीपी बाद झालेला असतो. आधार सेवा केंद्रात किंवा मोठ्या पोस्टात जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्या, त्याला कागद काही लागत नाही, अंगठा आणि थोडी फी.

बँकेचं पण सांगते. खात्याला आधारचं केवायसी झालं म्हणजे सरकारी पैसे येतील असं नसतं, त्यासाठी आधार सीडिंग वेगळं करावं लागतं, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करायचंय" असंच म्हणायचं, डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात. आणि एका वेळी एकाच बँकेला ते असतं, सगळ्यात शेवटी जिथे लिंक केलं तिथे पैसे पडतात, म्हणजे तुम्ही फॉर्मवर एका बँकेचं पासबुक लावलं आणि पैसे आईने पोस्टात काढून दिलेल्या खात्यात, असं होतं. आधारच्या साइटवर लॉगिन केलं की सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरा वेळखाऊ कागद, उत्पन्नाचा दाखला. रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर काही संस्था तेवढ्यावर भागवतात, पण सरकारी योजनेत जिथे उत्पन्नाची अट आहे तिथे तहसीलदारांचाच दाखला लागतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर स्वतः करा नाहीतर सेतूत, महा ई-सेवा केंद्रात. पेठा आणि आसपासचा भाग पुणे शहर तालुक्यात येतो, धायरी-वाघोलीवाले हवेली तालुक्यात, फॉर्मवर तालुका चुकला की अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. घरात कोणाला पगाराची स्लिपच नसते, आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बिगारी, तर अशा वेळी स्वतःचं घोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल चालतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण कचेरीत अजून सगळे तलाठीच म्हणतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा, नाही मिळाला तर त्याच पोर्टलवर अपील करता येतं, आणि आकडा तेवढा खरा टाका.

स्टॅम्प पेपरचं एक. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क शासनाने २००४ मध्येच माफ केलंय, साध्या कागदावर चालतं. तरी कचेरीबाहेर बसलेला एजंट पाचशेचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारतोच. नाही म्हणा. पाचशे रुपये म्हणजे आपल्याकडे आठवड्याचा भाजीपाला झाला.

बाकी जातीचा दाखला आणि डोमिसाइल असेल तर उत्तम, पासपोर्ट साइज फोटो आठ-दहा काढून ठेवा, आणि सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये एका फोल्डरला, किती केबीची फाइल चालेल ते प्रत्येक पोर्टलचं वेगळं असतं.

आता अर्ज कुठे. महापालिका आणि एक सामाजिक संस्था मिळून लाइटहाऊस नावाची सेंटरं चालवतात, पहिलं २०१६ ला औंधला सुरू झालं, नंतर शहरात बरीच झाली. तिथे १८ पूर्ण लागतात. प्रत्यक्ष जाऊनच नाव नोंदवलेलं बरं, आधी समुपदेशन होतं, मग फाउंडेशन कोर्स ज्यात बोलायचं इंग्लिश, कॉम्प्युटर, स्वतःबद्दल बोलणं वगैरे येतं, त्यानंतर ट्रेड म्हणजे कुठलं काम शिकायचं ते निवडायचं. मला पुण्यात हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो कारण तिथे पहिल्याच दिवशी "कुठला कोर्स" असं विचारत नाहीत.

केंद्राची कौशल्य विकास योजना म्हणजे पीएमकेव्हीवाय, २०१५ पासून चालू आहे, सध्या वयाची अट १५ ते ४५. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर, मोबाईल, मग आधार ई-केवायसी, मग कोर्स आणि जिल्हा पुणे टाकून सेंटर शोधायचं. फी शून्य. गावाकडून येऊन इथे कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना वेगळी योजना आहे, दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, वय १५ ते ३५, मुलींना आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत, पण ती गावच्या पत्त्यावरच मिळते, म्हणून पुण्याचा पत्ता आधारवर टाकायची घाई करू नका. आपल्याकडे ती उमेद म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते.

जातीप्रमाणे बघायचं तर राज्य सरकारच्या संस्था आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, या दोन्हींची मुख्य ऑफिसं पुण्यातच आहेत, ओबीसी-भटक्यांसाठी महाज्योती नागपूरला पण अर्ज ऑनलाइन होतो. यांच्या जाहिराती ठराविक दिवसांपुरत्या असतात, साइट दर आठवड्याला उघडून बघायची सवय लावा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं खूप जण विचारतात. तो क्लास नाही, ते कामावरचं ट्रेनिंग आहे, २०२४ ला सुरू झालं, वय १८ ते ३५, बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० असं विद्यावेतन, आणि शिक्षण चालू असेल तर चालत नाही. आधी महास्वयम या राज्याच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी लागते.

दहावी नापास किंवा शाळाच सुटलीये? कोर्स मिळतो, खूप ट्रेड आठवीवरही आहेत. पण सोबत बोर्डाचा १७ नंबर फॉर्म भरून खाजगी दहावीला बसा, कारण पुढे सुपरवायझर व्हायची वेळ आली की दहावीचं मार्कशीट मागतातच.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते. कोर्सच्या जाहिरातीत "स्पोकन इंग्लिश" लिहिलंय म्हणून उड्या मारू नका, तास किती ते विचारा. सरकारी कोर्सेसमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स नावाचा भाग असतो, त्याचं ६० तासांचं जे मॉड्यूल आहे त्यात बेसिक इंग्लिशला फक्त १० तास आहेत. दहा तासांत मराठी मीडियमचं पोरगं कितीसं बोलणार? मी वाईट म्हणत नाही, डिजिटलला १० तास आहेत, पैशांच्या व्यवहाराला ५ आहेत, ते उपयोगाचंच आहे. पण इंग्लिशच हवं असेल तर रोज तासभर बोलायला लावणारी जागा शोधा आणि ट्रेड कोर्स त्याच्या जोडीला करा. सेंटरवर गेलात की चालू वर्गाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहायची परवानगी मागा. सर एकटेच बोलतायत आणि पोरं फळ्यावरचं उतरवून घेतायत, तर ते इंग्लिश स्पीकिंग नाही, ते इंग्लिश रायटिंग आहे. पोरंच बोलतायत, चुकतायत, एक जण कस्टमर झालाय आणि दुसरी काउंटरवर उभी राहून बिलाचा घोळ निस्तरतीये, असं दिसलं तर फॉर्म तिथेच भरा.

ॲडमिशनच्या वेळी छोटीशी मुलाखत किंवा टेस्ट असते. तिथे खरं सांगा. मागे एकाने पाठ करून आलेलं "मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम हार्डवर्किंग" एका दमात म्हणून दाखवलं, मॅडम खूश, वरच्या बॅचला टाकलं, आठवड्याने पोरगं यायचं बंद, कारण तिथलं काहीच कळेना आणि विचारायची लाज वाटायची. "मला वाचता येतं पण बोलता येत नाही" एवढं मराठीत सांगितलं तरी चालतं, त्याने सीट जात नाही. कामाच्या वेळा पण तेव्हाच सांगून टाका, सकाळी दूध टाकता की संध्याकाळी मॉलला असता, त्याप्रमाणे बॅच मिळू शकते, नंतर सांगितलं तर गैरहजेरी धरतात आणि हजेरी कमी पडली की सर्टिफिकेट अडतं.

दोन गोष्टी सेंटरला द्यायच्या नाहीत. ओरिजिनल मार्कशीट-एलसी आणि डिपॉझिट. ओरिजिनल दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, झेरॉक्सवर "फक्त या कोर्ससाठी" असं लिहून तारीख टाकायची. एका सेंटरने आमच्या दोन पोरींची ओरिजिनल्स ठेवून घेतली होती, कोर्स सोडला तर देत नाही म्हणे, ती परत आणायला चार फेऱ्या आणि एक भांडण लागलं. मोफत म्हणून सांगितलेल्या सरकारी कोर्सला रजिस्ट्रेशनचे हजार-दोन हजार कोणी मागत असेल तर आधी पावती मागा. बहुतेक वेळा पावती म्हटलं की विषयच बदलतो.

सबमिट दाबल्यावर जो अर्ज क्रमांक येतो त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीतही लिहा, फोन हरवतात. पंधरा दिवसांत फोन आला नाही तर वाट बघत बसू नका, तोच नंबर घेऊन सेंटरवर जा, शक्यतो मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमाराला, सोमवारी कोणी जागेवर नसतं.