पूर येतो तेव्हा मासे शेतात का चढतात?

दर जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला की बदलापूर, मुरबाड, शहापूरकडचे व्हिडिओ ठाण्यात मोबाइलवर फिरू लागतात. काल भेगाळलेल्या शेतात आज मासे वळवळताहेत आणि खाली मजकूर, 'आकाशातून माशांचा पाऊस!' नाहीतर 'मातीतून जन्मले मासे!' दोन्ही खोटं. हे मासे उल्हास, बारवी, काळू, भातसा या नद्यांतून आणि त्यांच्या ओढ्यांतून चढून आलेले असतात. वलगण लागली, म्हणजे पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागले, की काय होतं, हे तिथल्या कुठल्याही गावात विचारा. असले मेसेज पुढे ढकलू नका. खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुरस आहे.

उन्हाळ्यात भातखाचराची माती वाळते, तेव्हा तिच्यातले असंख्य सूक्ष्मजीव मरतात. पाणी शिरताच मेलेल्या पेशींतला नायट्रोजन आणि फॉस्फरस विरघळतो, उरलेले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. 1958 साली बर्च या शास्त्रज्ञाने हे सविस्तर मांडलं, म्हणून याला 'बर्च परिणाम' म्हणतात. या खतावर शेवाळ वाढतं. त्याच वेळी मातीत झोपलेली अंडी जागी होतात. मोइना, डॅफ्निया या पाणपिसवा तळं आटायला लागलं की एक किंवा दोन अंडी कठीण कवचात बंद करून टाकतात. ती महिनोन् महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. त्यांतून बाहेर पडतात त्या बहुतेक सगळ्या माद्या. त्यांना नराची गरज नसते. चार-पाच दिवसांत त्या वयात येतात आणि स्वतःच्याच प्रती काढत सुटतात. खाचरातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा. झटके देत वरखाली करणारे पांढुरके ठिपके दिसतील, त्या ह्याच.

आता माशाची बाजू. रोहूचं अंडं साधारण 15 ते 18 तासांत फुटतं. पिल्लाला सोबत आणलेली बलकाची शिदोरी तीनेक दिवस पुरते. ती संपली की तोंडात मावेल एवढं जिवंत खाद्य मिळालं पाहिजे, नाहीतर पिल्लू मेलंच. नदीच्या धारेत ते मिळत नाही. गुडघाभर, उबदार, संथ पाण्यात मिळतं, आणि तेही नेमकं पूर पसरल्यावर. म्हणून मासा अंडी घालतो तीच चढत्या पाण्यात. जंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी 1989 साली मांडलेली 'पूर-स्पंद' संकल्पना हीच: नदीची उत्पादकता पात्राइतकीच, किंबहुना जास्त, तिच्या काठावर पूर पसरतो त्या सखल जमिनीत असते.

चढत्या पाण्याचा हा संकेत किती पक्का आहे बघा. रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण विणत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना वीण घ्यायला लावलं, तेव्हा कुठे तळ्यातल्या मत्स्यशेतीला हक्काचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मिळू लागलं. पूर जे फुकट करत होता, ते सुईने करावं लागलं.

अर्थात प्रत्येक पूर वरदान नसतो. शहरातल्या गटारांची महिनोन् महिन्यांची घाण पहिल्या लोंढ्यात नदीत येते. ती कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. मत्स्यतळी फुटली की बंदी असलेला आफ्रिकन मांगूर नदीत सुटतो आणि स्थानिक मासे फस्त करतो. दुसरीकडे, कल्याणजवळ उल्हास नदीवर उन्हाळाभर पसरलेली जलपर्णी हाच पूर वाहून नेतो. शेतात तो गाळ टाकतो, विहिरींचं पाणी वर आणतो, आणि त्याच्याबरोबर आलेले छोटे मासे डासांच्या अळ्या खातात.

मला राग येतो तो भरावाचा आणि भिंतींचा. काठच्या सखल जमिनीवर माती टाकून नदीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटमध्ये कोंडलं की पुराचा जोर तेवढाच राहतो, किंबहुना खालच्या अंगाला वाढतो. फक्त ते गुडघाभर संथ पाणी नाहीसं होतं. ठाण्यातल्या अनेक तलावांचंही तेच झालं आहे. कडा उभ्या बांधलेल्या, त्यामुळे पाणी वर चढतं, पण पसरत नाही.

जिथे उतार अजून शाबूत आहे, तिथे एक साधी गोष्ट करता येते. रस्त्याखालच्या मोरीचा पाइप ओढ्याच्या तळापेक्षा उंच बसवला की पाणी धबधब्यासारखं पडतं आणि लहान मासे तिथेच अडतात. तिथेच मग पाग (फेकायचं जाळं) टाकून पोटात अंडी असलेल्या माद्या ढिगाने धरल्या जातात. तोच पाइप तळाच्या थोडा खाली पुरला तर आत वाळू-गोटे साचतात, धार मंदावते आणि मासे वर खाचरापर्यंत जातात.