मागच्या काचेवर लूव्हर बसवताय? गाडी आणण्याआधी हे वाचा

मे महिन्यात भर दुपारी भुसावळवरून रेल्वेने गेलेल्यांना डब्याच्या खिडकीची ती पत्र्याची झडप आठवत असेल. आडव्या, तिरक्या फटींची. ती ओढली की ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो आणि फटीतून फलाटही दिसत राहतो. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिल असायची, तिचं कामही हेच. स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या काचेवर बसणारी लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची चौकट, ही त्याच जातीची वस्तू आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक जण ती दिसायला देखणी म्हणून मागतात, आणि ती देखणी आहेच. पण जळगाव-धुळ्याच्या उन्हात ती खरंच सावली देणार असेल तरच तिच्यावर पैसे घालावेत, असं आमचं मत आहे.

फोर्ड मस्टँगसारख्या गाडीची मागची काच उभी नसते, उतरत्या छपरासारखी जवळजवळ आडवी झोपलेली असते. आपण साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाचीही सावली पडत नाही. ते ऊन या काचेवर सरळ कोसळतं. काचेतून ऊन आत शिरतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि त्यांच्यातून निघणारी उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर पडत नाही. आतून पडदा लावला तर तो स्वतः तापतो आणि ती उष्णता गाडीतच राहते. लूव्हर काचेच्या बाहेर असते, म्हणून ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. तापलेल्या पट्ट्या वाऱ्याने बाहेरच्या बाहेर निवतात. सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

तिच्याकडून काय मिळणार नाही, तेही ऐकून घ्या. समोरची काच आणि बाजूच्या काचा उघड्याच राहतात, त्यामुळे उभी गाडी गार राहणार नाही. समोरच्या काचेला चकचकीत सनशेड लावावीच लागेल. संध्याकाळी गाडीची पाठ पश्चिमेला असेल तर खाली आलेलं ऊन पट्ट्यांच्या फटीतून थेट आत येतं. पार्किंग करताना तेवढं बघा. आणि लूव्हरमुळे गाडीचा वेग वाढतो असं कोणी सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नका.

ही कल्पना जुनी आहे. 1966 साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आलेल्या लॅम्बॉर्गिनी मिउराच्या पाठीवर अशाच पट्ट्या होत्या, पण तिथे खाली इंजिन होतं आणि त्याची गरम हवा बाहेर जायला वाट हवी होती. 1969 च्या मस्टँग बॉस 302 साठी डिझायनर लॅरी शिनोडा यांनी काळ्या पट्ट्यांची रचना केली, आणि तेव्हापासून मस्टँग म्हटलं की लूव्हर डोळ्यासमोर येते. भारतात मस्टँग 2016 मध्ये आली. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्या आहेत, म्हणून घाई न करता एकेक गाडी करणं आम्हाला परवडतं.

पट्टीचा कोन बरोबर आहे की नाही, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. गाडीच्या मागे स्टुलावर उभं राहून वरून खाली पाहा, काच दिसता कामा नये. मग चालकाच्या सीटवर बसून आतल्या आरशात पाहा: पट्ट्यांच्या फक्त बारीक कडा दिसल्या पाहिजेत, मधून मागचा रस्ता मोकळा. वरून काच दिसली तर ऊन शिरणार. आरशात पट्टीचा पृष्ठभाग दिसला तर मागून येणारी मोटरसायकल लपणार. म्हणून टेप लावण्याआधी आम्ही लूव्हर काचेवर नुसती ठेवतो आणि जो गाडी चालवतो त्यालाच सीटवर बसवतो. वडील आणि मुलगा दोघं चालवत असतील तर दोघांनी या. उंचीत चार बोटांचा फरक असला तरी आरशातलं चित्र बदलतं. एक गोष्ट मात्र कायमची सवय करून घ्यावी लागेल. महामार्गावर ट्रक अगदी पाठीला लागला की त्याचा वरचा भाग आरशात दिसत नाही. बाहेरचे दोन्ही आरसे नीट लावलेले हवेत.

आता प्लास्टिकबद्दल. हे जळगावकरांना समजावून सांगायची गरज नाही. ठिबकची नळी काळी का असते, ते शेतकऱ्याला माहीत आहे: त्यात कार्बन ब्लॅक असतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवतं. उन्हात पडलेला साधा पाइप दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो, तेही सगळ्यांनी पाहिलंय. साध्या एबीएस प्लास्टिकची लूव्हर तशीच पांढुरकी पडते, हात लावला की भुकटी बोटाला लागते. सुरुवातीला आम्ही बाहेरून मागवलेला एक संच असाच एका उन्हाळ्यात फिका पडला आणि मधोमध वाकला. ग्राहकाला आम्ही तो बदलून दिला. तेव्हापासून एएसए प्लास्टिक किंवा पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम, एवढंच वापरतो. अॅल्युमिनियम जास्त टिकतं, पण रेडिओची अँटेना मागच्या काचेत असेल तर एफएम खरखरू शकतो.

सगळ्यात जास्त चुका चिकटवण्यात होतात. एक मीटर लांबीची प्लास्टिकची पट्टी 50 अंशांनी तापली की सुमारे 4 मिलिमीटर वाढते. तेवढ्याच तापमानात काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे रोज दुपारी पट्टी काचेवरून सरकू पाहते आणि रात्री मागे येते. कडक गोंदाने ती धरून ठेवली तर एक दिवस गोंद तरी सुटेल, पट्टी तरी तडकेल. म्हणून फेव्हिक्विक, अॅराल्डाइट यातलं काही नको. जाड अॅक्रेलिक फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप हवी. ती रबरासारखी ताणते आणि ही ओढाताण सोसते. काच आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसतो. ती साधारण 20 ते 38 अंशांच्या दरम्यान असावी लागते. उन्हाळ्यात दुपारी काचेला हात लावून पाहा, म्हणजे आम्ही काम सकाळीच का करतो ते कळेल. टेपची पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. ते तीन दिवस गाडी धुवायची नाही, महामार्गावर न्यायची नाही. परवा लग्नाची वरात आहे, उद्या बसवून द्या, असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

आम्ही काचेला किंवा पत्र्याला भोक पाडत नाही. डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा काचेच्या आतल्या बाजूला असतात, त्यांना धक्का लागत नाही. वरचा तिसरा ब्रेक लाइट पूर्ण दिसला पाहिजे. तो झाकला जात असेल तर ती लूव्हर तुमच्या गाडीची नाही. मागे वायपर असलेल्या गाडीला आणि कापडी छताच्या गाडीला आम्ही बसवत नाही. काच डिकीबरोबर उचलली जात असेल तर डिकी उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या वजन पेलतात का, ते आधी तपासतो.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 नुसार मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड पार झाला पाहिजे, आणि 27 एप्रिल 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. लूव्हरखाली काळी फिल्म लावा, दिसणार नाही, अशी मागणी आमच्याकडे घेऊन येऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. काम ठरवण्याआधी तुमच्या आरटीओत, एमएच-18, 19 किंवा 39 जिथली गाडी असेल तिथे, विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

बसवल्यानंतर खरा त्रास धुळीचा. काळ्या मातीची धूळ फटींत बसते, आणि गाडी निंबाखाली लावत असाल तर जूनमध्ये निंबोळ्या अडकून चिकटतात. रंगाचा दोन इंची मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. सर्व्हिसिंगला गाडी दिली की प्रेशरचा फवारा टेपच्या कडेवर मारू नका असं आवर्जून सांगा. बिजागरीची लूव्हर घेतली तर ती उचलून काच पुसता येते. थोडी महाग पडते, पण आमची शिफारस तिचीच आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा गाडी दाखवायला आणा. टेपच्या कडा आम्ही पैसे न घेता तपासून देतो.

मार्च ते जून या महिन्यांत गाडी आदल्या संध्याकाळीच वर्कशॉपमध्ये आणून लावा, म्हणजे काच रात्रभर निवते. सकाळी साडेसहाला तुम्ही या. सीटवर बसून आरसा तपासल्याशिवाय आम्ही टेपचा कागद सोलत नाही.